काखेतला ताप

आमच्या घरात थर्मामीटर तोंडात घालायचा नाही, हे मी लग्न होऊन चेन्नईत आले त्याच महिन्यात शिकले. मला ताप भरला होता. नवी जागा, नवं पाणी, नवा उकाडा; ताप येणार नाही तर काय होईल! मी आपला सवयीनं थर्मामीटर जिभेखाली धरला, तेवढ्यात सासूबाई खोलीत आल्या आणि दारातच थांबल्या. ओरडल्या नाहीत. ओरडणं त्यांना येतच नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "तें एच्चल जाहलें. आतां वेगळें ठेव."

एच्चल म्हणजे उष्टं. शब्द तमिळ, पण घरात तो मराठी असल्यासारखा वावरायचा. दुसऱ्या दिवशी नवरा औषधाच्या दुकानातून आणखी एक थर्मामीटर घेऊन आला. तो घरचा, आणि तो काखेत लावायचा. पहिला माझा. माझ्या पेनांच्या डब्यात.

सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही तंजावरचं. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेली मराठी माणसं. त्यांच्या बोलण्यात "मजला", "तुजला", "जाहलें". विचारणं नाही, "पुसणें". आणि त्या सगळ्याला तमिळ हेल. मी सांगलीची. सुरुवातीला पदर तोंडाला लावून हसायचे. त्यांना माझं बोलणं भांडल्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर ते भांडणच असायचं.

बावीस वर्षं आम्ही उष्ट्यावरून भांडलो. त्या पाणी वरून पीत. मान मागे टाकायची, पेला वीतभर वर धरायचा, धार थेट घशात. पेल्याला ओठ लागला तर पेला घासायला. मी पडले तोंड लावून पिणारी. मी आमटीची चव पळीवरून बघायची, त्या पातेलंच बाजूला सारायच्या. मी शाळेत गणित शिकवते. पेपर तपासताना बोट जिभेला लावून पान उलटायची माझी सवय. तर त्या म्हणाल्या, ते गठ्ठे पूजेच्या खोलीच्या अलीकडेच राहू देत. मी म्हटलं, "आई, मुलांचे पेपर आहेत ते, काही मेलेला उंदीर नाही आणला घरात!" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझ्या टेबलावर एका वाटीत ओला स्पंज ठेवलेला. बँकेत नोटा मोजायला असतो तसा. गठ्ठे जिथल्या तिथे. त्या स्वयंपाकघरात पाठमोऱ्या.

आमचं सगळं असंच मिटायचं. नोकरी करायला त्या आधी नको म्हणाल्या, मी आदळआपट केली, आणि पहिल्या दिवशी डबा त्यांनीच भरून दिला. घरात कांदा आणायला नको म्हणाल्या, मी भांडले, आणि मग बाल्कनीत कांद्याची टोपली ठेवायला जागाही त्यांनीच केली. फक्त थर्मामीटरवरून मी कधी भांडले नाही. तापाचं काय एवढं! काखेत तर काखेत.

मग त्यांना कॅन्सर निघाला.

पहिली केमो झाली त्या दिवशी हॉस्पिटलातल्या सिस्टरनं मला बाजूला घेतलं. वयानं माझ्याच बरोबरीची बाई, समजावून सांगायची पद्धत शाळेतल्यासारखी. म्हणाली, आठव्या-दहाव्या दिवसाच्या आसपास यांच्या अंगात रोगाशी लढायला काहीच उरत नाही. तुम्हाआम्हाला ताप आला तर आपण गोळी घेऊन पडतो. यांना ताप आला तर तो घरी बघायचा नाही. शंभर पॉइंट चार. तेवढा दिसला की उठायचं आणि इथं यायचं. दिवस असो, रात्र असो. आधी गोळी द्यायची नाही. एक तास उशीर झाला तरी फरक पडतो.

मग तिनं आम्हाला घरी न्यायला एक नवा थर्मामीटर काढला. टोक जिभेच्या खाली, पार मागच्या खळग्यात. ओठ मिटून. बोलायचं नाही. टीं वाजेपर्यंत काढायचा नाही. कॉफी, गरम पाणी, थंड पाणी काही घेतलं असेल तर अर्धा तास थांबायचं. हे सगळं सांगून ती सासूबाईंकडे वळली, तर त्यांनी मान फिरवली. "नको."

मी सिस्टरला विचारलं, काखेत चालेल का? ती म्हणाली, तोंडात घेता येत असेल तर तोंडातच. काखेत लावलाच तर तसं आम्हाला सांगा, आणि अंगाला हात लावून गरम वाटलं, थंडी वाजली, तर आकड्याची वाट बघू नका. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

लिफ्टपाशी मी सासूबाईंना एकदा विचारलं. "आई, तोंडात घ्याल ना? नवा आहे. तुमच्या एकटीचाच." त्या म्हणाल्या, "नको. काखेंत लावूं."

एरवी मी तिथंच सुरू झाले असते. पण त्या दिवशी मी गप्प बसले, आणि त्याचं मला केवढं कौतुक वाटलं म्हणून सांगू! मनाशी म्हटलं, या बाईचे केस जाणार, चव जाणार, अंगावर मांस राहणार नाही. तिच्याकडे तिचं म्हणून काय उरणार? निदान हे तरी राहू दे. आता यांच्याशी भांडायचं नाही. बावीस वर्षं भांडलीस ती पुरे झाली. अशी मी मोठ्या मनाची झाले, शहाणी माझी!

शिवाय माझ्याकडे तोडगा होता. आमच्या सांगलीकडे काखेत ताप बघितला की त्यात एक मिळवायचा. आमच्या गल्लीतले डॉक्टर तसंच करायचे, माझी आई तसंच करायची, मीही तेच करत आले. काखेत नव्याण्णव म्हणजे आतला शंभर. सहावीच्या मुलांना दशांश शिकवणारी मी. एक मिळवायला कितीसा वेळ लागतो?

चौकटीच्या वहीत मी तक्ता आखला. सकाळ, संध्याकाळ, तारीख, आकडा. आकडा लिहायचा तो एक मिळवूनच, म्हणजे घोळ नको. दुसऱ्या केमोच्या वेळी डॉक्टरांनी तो तक्ता बघितला आणि म्हणाले, असा तक्ता कुणी ठेवत नाही. मी फुलून गेले. आकडे काखेतले आहेत, एक मिळवलेले आहेत, हे त्यांना सांगायचं मला सुचलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं नाही, कारण जिभेखालचे असणार असंच कुणीही धरून चालेल.

काखेत लावायचीही एक रीत असते, हे मला फार नंतर, डब्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचल्यावर कळलं. काख कोरडी पाहिजे. टोक अगदी खळग्यात, कातडीला चिकटून पाहिजे, मध्ये कापड नको. दंड अंगाशी घट्ट दाबून धरायचा. आमच्याकडे काय व्हायचं? सासूबाई माझ्यासमोर ब्लाउजचं एक बटणसुद्धा काढायच्या नाहीत. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहायची आणि त्या स्वतःच बाहीतून थर्मामीटर आत सरकवायच्या. टोक कातडीला लागलं की कापडाला, देव जाणे. तिसऱ्या केमोपर्यंत त्यांचे दंड माझ्या मनगटाएवढे झाले होते. काखेत नुसती पोकळी. टीं वाजायचं, त्या थर्मामीटर काढून माझ्या हातात द्यायच्या, मी एक मिळवायची.

तिसऱ्या केमोनंतरचा नववा दिवस. शाळेला सुट्टी लागली होती. नवरा गिंडीला ऑफिसात गेलेला. सकाळी दहाच्या सुमाराला सासूबाई म्हणाल्या, "पंखा बंद कर. थंडी वाजते."

चेन्नईत मे महिन्यात माणूस पंखा बंद कर म्हणतं, तिथंच मला कळायला हवं होतं. कळलं नाही असंही नाही. मी कपाळाला हात लावला, कपाळ कढत लागलं. थर्मामीटर दिला, खिडकीकडे तोंड केलं. नव्याण्णव पॉइंट एक. एक मिळवला. शंभर पॉइंट एक.

बारा वाजता परत लावला. नव्याण्णव पॉइंट तीन. एक मिळवला. शंभर पॉइंट तीन.

मी त्या आकड्याकडे बघत बसले. चार हवा होता, तीन होता. एक पॉइंट कमी. लगेच पुन्हा लावला, नव्याण्णव पॉइंट दोन आला. मला हायसं वाटलं. काय म्हणावं मला! समोर माणूस चादर गुंडाळून कुडकुडतंय आणि मी एका पॉइंटवर हायसं वाटून घेतेय. सिस्टरचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता. मी फोन उचलला आणि खाली ठेवला. मागच्या खेपेला उलट्या झाल्या म्हणून नेलं होतं, तर खाट मिळेपर्यंत त्या चाकांच्या स्ट्रेचरवर आख्खी दुपार पडून होत्या. त्या म्हणाल्या होत्या, परत तिकडे नको. मी म्हटलं, शंभर पॉइंट चार झाला की नेऊ. नियम तो नियम. मुलांना एका मार्कानं नापास करणारी बाई मी. एका पॉइंटनं पास करताना मला काही वाटलं नाही.

दोन वाजता त्यांनी मिऱ्यांचं रसम मागितलं. मी करून दिलं. चार घोट घेतले आणि त्यांना दरदरून घाम सुटला. पाठ पुसली, मान पुसली. तशाच ओल्या अंगाला थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ. मी आनंदानं नवऱ्याला फोन केला, "उतरला रे!" तो म्हणाला, "बरं झालं. लवकर निघतो तरी." गोळी दिली नाही हं मी. सांगितल्याबरहुकूम. त्याचाही मला अभिमान.

साडेचारला परत नव्याण्णव पॉइंट तीन. एक मिळवून तोच शंभर पॉइंट तीन. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हाक मारली की "हं" म्हणायच्या, पण हं जरा उशिरा यायचं.

सहा वाजत आले असतील. त्यांनी पाणी मागितलं. मी पेला भरून आणला, त्यांना पाठीला हात देऊन बसवलं, पेला त्यांच्या हातात दिला. आणि त्यांनी तो सरळ ओठाला लावला.

ओठ पेल्याच्या काठावर. डोळे अर्धवट मिटलेले. घटाघटा प्यायल्या. थोडं हनुवटीवरून गळ्यात सांडलं. पेला परत माझ्या हातात दिला आणि आडव्या झाल्या.

बावीस वर्षांत मी त्या बाईचा ओठ पेल्याला लागलेला बघितला नव्हता. आजारात नाही, प्रवासात नाही, सासरे गेले त्या दिवशीसुद्धा नाही. थर्मामीटरनं दिवसभर जे सांगितलं नाही ते त्या पेल्यानं सांगितलं. मी परत ताप बघितला नाही. चप्पल न घालताच खाली धावले, रिक्षा थांबवली, वॉचमनला वर आणलं, दोघांनी मिळून त्यांना खुर्चीसकट उतरवलं. नवऱ्याला फोनवर एवढंच ओरडले, "परस्पर हॉस्पिटलात ये."

तिथं दारातच एका सिस्टरनं थर्मामीटर पुढे केला आणि तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, तोंड उघडा." मी सांगणार होते, त्या तोंडात घेत नाहीत म्हणून. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सासूबाईंनी तोंड उघडलं. निमूट. जीभसुद्धा वर उचलली, पहिल्या दिवशी दाखवलं होतं अगदी तशी. ओठ मिटले. टीं वाजलं.

एकशे दोन पॉइंट सहा.

मग सगळे पळायला लागले. एकानं सुई शोधली, एकानं रक्त घेतलं, एकीनं सलाइन टांगलं. तरुण डॉक्टर होता, त्यानं मला विचारलं, घरी किती होता? मी तक्ता पुढे केला. येताना तक्ता आणायला मात्र विसरले नव्हते मी, चप्पल विसरले होते. त्यानं बोट ठेवून वाचलं. "कुठं लावला होता?"

"काखेत."

"मग हे आकडे?"

"एक मिळवून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "त्यात काही मिळवायचं नसतं, मॅडम. दिसतो तो आकडा, आणि कुठं लावला ते. एवढंच सांगायचं असतं." मग विचारलं, थंडी केव्हापासून? मी म्हटलं, दहापासून. त्यानं घड्याळ बघून कागदावर काहीतरी लिहिलं. किती तास झाले ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. वजाबाकी मला येते.

नवरा आला तेव्हा मी बाकावर अनवाणी बसले होते. माझ्या शेजारी बसला आणि स्वतःच्या चपला काढून माझ्या पायापाशी सरकवल्या.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई गेल्या. रक्तात विष पसरलं होतं, असं सांगितलं. सकाळी दहाला आणलं असतं तर वाचल्या असत्या का, हे मी त्या तरुण डॉक्टरला एकदा विचारलं. तो म्हणाला, असं सांगता येत नाही. ते खरंच असेल. पण एकशे दोन हा आकडा दुपारी बारालाही त्यांच्या जिभेखाली होता, आणि मी काखेत शोधत बसले होते, हेही खरंच आहे. याचं मी काय करू? नातेवाईक म्हणतात, तू किती केलंस त्यांचं! कप्पाळ माझं. केलं ना. तक्ता केला.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, दुसऱ्या दिवशी सकाळचं. रात्रभर औषधं गेली होती आणि त्या जरा शुद्धीवर आल्या होत्या. आवाज खोल गेलेला, पण डोळे ओळखीचे. सिस्टर आली, त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं, थर्मामीटर घेतला, ओठ मिटले, आणि ती आकडा लिहून गेली. आणि मला एकदम असा राग आला! आजारी माणूस, नाकात नळी, हातात सुया. आणि मी खाटेचा दांडा धरून त्यांच्यावर ओरडले. "इथं बरं घेता तोंडात! परक्या बाईनं दिलेला, दहा जणांना लावलेला! घरी तुमचा एकटीचा होता, नवा कोरा होता, तो का नाही घेतलात? घरी कुणी हात धरला होता?"

पलीकडच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही.

मग त्या हळूहळू म्हणाल्या, "तूं एकदांच पुसलीस."

"तुम्ही नको म्हणालात!"

"मी नको म्हणायचें," त्या म्हणाल्या. मध्ये श्वास घेतला. "तूं भांडायचें. मग मी ऐकायचें. सदां असेंच तर चाललें आपलें." पुन्हा थांबल्या. "ह्या खेपेस तूं भांडलीच नाहींस."

त्यांनी पाण्याकडे बोट केलं. मी पेला भरला, त्यांची मान उचलून धरली, आणि पेला त्यांच्या ओठांना लावला.